पॅड बदललं की निकाल बदलतो: एक काळं बॉनेट, चार पॅड, दोन कंपाउंड

काळ्या गाडीच्या बॉनेटवर रात्री टॉर्च मारून बघा एकदा. दिवसा सावलीत जी गाडी नवीकोरी वाटते तिच्यावर टॉर्चच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखं गोल गोल जाळं दिसतं, आणि टॉर्च हलवला की ते जाळंही बरोबर सरकतं. माझ्या गाडीवर अगदी तेच होतं. सहा वर्षांची गाडी, रंग काळा, आणि पहिली तीन वर्षं तर रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसली जायची, मग दुसरं काय होणार. हे चरे गोल नसतातच खरं तर, सगळ्या दिशांना पसरलेले सरळच चरे असतात, पण उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात म्हणून डोळ्याला गोल दिसतं. यालाच स्वर्ल मार्क म्हणतात.

तर हे जाळं काढायला मी पॉलिशिंग मशीनला लावायची चार पॅड आणि दोन बाटल्या घेऊन बसलो, एक हेवी कट कंपाउंड (जोरात घासणारं, म्हणजे जास्त 'कापणारं') आणि एक फिनिशिंग पॉलिश (शेवटी चकाकी आणणारं, सौम्य), आणि काय काय दिसलं ते इथे लिहितोय. मी वापरलेल्या बाटल्या-पॅडच्या कंपन्यांची नावं मुद्दाम टाकत नाही, कारण नाव टाकलं की सगळं बोलणं त्या नावावर जातं, ही बाटली भारी की ती बाटली भारी. आणि मला जे सांगायचंय ते नेमकं उलट आहे. मी स्वतः दोन वर्षं बाटल्याच शोधत होतो. हे कंपाउंड कापत नाही म्हणून ते आणलं, ते धुरकट ठेवतं म्हणून अजून तिसरं आणलं, आणि पॅड मात्र मशीनबरोबर आलेलं तेच एक, तेही न धुतलेलं. चुकत होतं ते तिथे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण ती कळल्याशिवाय पॅड निवडूच नये. गाडीच्या पत्र्यावर खालून वर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे थर मिळून कंपनीतून आलेल्या गाडीवर साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यातला क्लिअर कोट असतो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो म्हणतात, म्हणजे केसापेक्षाही पातळ थरावर आपण मशीन फिरवणार आहोत. पॉलिशिंग म्हणजे चरा 'भरणं' नव्हे, चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणणं. जेवढा खोल चरा तेवढा थर जाणार, आणि गेलेला थर परत येत नाही. उन्हापासून रंगाला वाचवणारं काम तोच थर करतो. म्हणून कमीत कमी घासून जास्तीत जास्त साफ कसं करायचं हाच सगळा खेळ आहे आणि त्यात पॅडचा वाटा मला वाटत होता त्याच्या दुप्पट निघाला.

मशीनबद्दल फार लिहीत नाही. माझं १५ एमएम थ्रोचं ड्युअल अ‍ॅक्शन आहे, पाच इंची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची चकती), म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी १५ एमएमच्या छोट्या वर्तुळात डोलतंही, तोच थ्रो. रोटरी मशीन नुसतं गोल फिरतं, ते पटापट कापतं पण हात बसलेला नसेल तर उष्णता एका जागी साठते आणि होलोग्राम उठतात, उन्हात दिसणारे ते इंद्रधनुष्यासारखे लाटालाटांचे पट्टे. मी एकदा एका ठिकाणी गाडीला रबिंग करून घेतलं होतं. घरी आणली तेव्हा आरसा होती अक्षरशः, पण दोन वेळा धुतल्यावर जुने चरे जसेच्या तसे वर आले आणि वर होलोग्रामचे पट्टे फुकटात. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आता कारण कळतं, लोकरीचं पॅड, रोटरी, आणि तेलकट कंपाउंड ज्याने चरे झाकले फक्त, फिनिशिंगचा हात मारलाच नव्हता.

आता मूळ प्रयोग. गाडी धुतली, क्ले (चिकटलेला कचरा ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) मारून बॉनेट गुळगुळीत केलं, कारण पृष्ठभागावर चिकटलेला कचरा पॅडमध्ये अडकला तर सगळा हिशोबच चुकतो. मीटरने पेंटची जाडी मोजली, मध्यभागी ११५ मायक्रॉनच्या आसपास, कडेला थोडी कमी. मग मास्किंग टेपने दीड-दीड फुटाचे चार चौकोन आखले. चारही चौकोनांत तेच हेवी कट कंपाउंड, तेवढेच चार थेंब, तोच स्पीड, तेवढाच दाब, आडवे तीन आणि उभे तीन असे सहा पास, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत. बदललं ते फक्त पॅड.

पहिल्या चौकोनात लोकर. लोकरीच्या पॅडला आवाजच वेगळा असतो, फोमसारखा घुमत नाही, जरा कोरडा खसखस आवाज. दुसऱ्या पासमध्येच जाणवलं की कापतंय. पुसून टॉर्च मारला तर जाळं गायब, नखाला न लागणारे बहुतेक सगळे चरे साफ, एक-दोन खोल होते ते मात्र राहिले. आणि हात लावला तर पत्रा फारसा तापलेला नाही, लोकरीच्या तंतूंमधून हवा खेळते त्यामुळे फोमपेक्षा थंड राहतं असं ऐकलं होतं ते पटलं. पण चकाकी? चकाकी मेलेली. काळा रंग करडा दिसत होता, धुक्यातून बघितल्यासारखा. लोकरीचा प्रत्येक तंतू स्वतः कापतो, कंपाउंडमधल्या कणांबरोबर, आणि तो आपली बारीक रेघ मागे ठेवून जातो. शिवाय पहिल्यांदा वापरताना तंतू सुटतात, वायपरच्या खाचेत, नंबरप्लेटवर, माझ्या भुवयांवर सुद्धा लोकर.

दुसरा चौकोन मायक्रोफायबर पॅडचा. हे पॅड म्हणजे पातळ फोमवर मायक्रोफायबरचे आखूड गोंडे. कटिंग जवळपास लोकरीइतकंच, पण धुकं निम्म्याहून कमी. खरं सांगतो, पहिला चौकोन पुसला तेव्हा वाटलं होतं लोकरच बेस्ट, आणि दुसरा पुसल्यावर मत बदललं. मात्र टॉर्च अगदी जवळ नेऊन तिरका धरला की अतिशय बारीक, एकसारखं घासल्यासारखं दिसतं, त्याला मायक्रो मारिंग म्हणतात. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर ते कुणाला दिसणारही नाही पण काळ्यावर दिसतंच. आणि हे पॅड भरतं फार लवकर. त्याबद्दल खाली वेगळं लिहितो कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथे झाली.

तिसरा मध्यम कडक फोम. दहातले सहा-सात चरे गेले, राहिलेले पुसट झाले, आणि चकाकी मात्र पहिल्या दोघांपेक्षा कितीतरी चांगली. इतकी चांगली की मी जर फक्त चकाकी बघून निर्णय घेतला असता तर हाच चौकोन जिंकला असता. पुन्हा एकदा सहा पास मारल्यावर जवळपास दुसऱ्या चौकोनाच्या बरोबरीला आला. म्हणजे वेळ दुप्पट पण एकाच टप्प्यात काम उरकतं, ज्याला वन स्टेप म्हणतात ते. ज्यांची गाडी फार खराब नाहीये आणि शंभर टक्के साफ करायचा हट्ट नाहीये त्यांनी सरळ हेच करावं, मी मनापासून सांगतो.

चौथा मऊ काळा फिनिशिंग फोम, त्यावर तेच जोरदार हेवी कट. काहीच नाही झालं हो. जाळं तसंच, वरवर थोडी चमक आली इतकंच. बाटलीवर मोठ्या अक्षरात हेवी कट लिहिलंय, तेच द्रव कडक पॅडवर पी २००० च्या (अगदी बारीक) पाणीपेपरच्या रेघा घालवू शकतं, आणि इथे साधे कपड्याचे चरे निघेनात. कारण सोपं आहे, कंपाउंडमधले कण कापतात पण त्या कणांना पृष्ठभागावर दाबून धरायचं काम पॅड करतं. मऊ फोममध्ये कण आत दबून जातात, जशी उशीवर सुरी घासावी.

मग उलटं करून बघितलं, आणि या प्रकारानेच माझे डोळे उघडले. चौथ्या चौकोनातच, आता मायक्रोफायबर पॅडवर (नवीन, कोरं) फिनिशिंग पॉलिश घेतलं. ते पॉलिश ज्याच्यावर कटिंगच्या रकान्यात अगदी कमी आकडा लिहिलेला. सहा पासनंतर निम्म्याच्या वर चरे साफ! म्हणजे मऊ पॅडवरच्या सगळ्यात जोरदार कंपाउंडपेक्षा कडक पॅडवरचं सगळ्यात सौम्य पॉलिश जास्त कापतं, निदान माझ्या बॉनेटवर तरी. बाटलीमागचे ते कट आणि फिनिशचे आकडे कंपनीने कुठल्या तरी एका पॅडवर काढलेले असतात, तुमच्या पॅडवर नाही, हे लक्षात ठेवलं की अर्धा गोंधळ संपतो.

रंगावरून पॅड ओळखायला जाऊ नका हेही इथेच सांगून टाकतो. पॅडच्या रंगांचा सगळ्या कंपन्यांना लागू असा काही नियम नाही. लेक कंट्रीच्या फोम पॅडमध्ये पिवळं म्हणजे कटिंगचं, नारिंगी हलक्या कटिंगचं, पांढरं पॉलिशिंगचं, काळं फिनिशिंगचं. रुपेसमध्ये निळं सगळ्यात कडक, मग हिरवं, आणि पिवळं आहे फिनिशिंगकडचं. म्हणजे कुणीतरी सांगितलं "पिवळं पॅड लाव" आणि तुम्ही दुसऱ्याच कंपनीचं पिवळं लावलंत तर एक तर काहीच कापणार नाही नाही तर फिनिशिंग करताना चरे पडतील. बोटाने दाबून बघा, किती कडक आहे, सोडल्यावर किती चटकन वर येतं, ते रंगापेक्षा जास्त खरं सांगतं.

कंपाउंडबद्दलही थोडं, नाही तर बाटलीचा काहीच रोल नाही असं वाटेल. आहे, पण कसा ते बघा. बहुतेक कंपाउंडमध्ये कापणारे कण असतात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे. त्यांचे ढोबळ दोन प्रकार. एकात कण घासता घासता फुटून बारीक होत जातात, म्हणजे सुरुवातीला कापतात आणि शेवटी पॉलिश करतात, मेंझेर्ना याच प्रकारासाठी ओळखली जाते. दुसऱ्यात कण पहिल्यापासून अतिशय बारीक आणि एकाच आकाराचे, शेवटपर्यंत तसेच राहतात, मेग्वायर्सची एम १०५ आणि एम २०५ ही जोडी या प्रकारातली. फरक कागदावर वाचायला छान वाटतो पण हातात काय फरक पडतो ते महत्त्वाचं. माझी हेवी कटची बाटली पहिल्या प्रकारातली आहे. सुरुवातीला मी घाईत तीन पासमध्येच पुसायचो आणि म्हणायचो धुरकट ठेवतंय. अहो कण फुटायच्या आतच पुसत होतो मी! पूर्ण सहा पास, शेवटचे दोन हलक्या हाताने, कंपाउंडचा थर पारदर्शक तेलासारखा दिसेपर्यंत, असं केल्यावर त्याच बाटलीतून तिसऱ्या चौकोनासारखी चकाकी मिळाली. दुसऱ्या प्रकारात ही वाट बघावी लागत नाही, तिथे फिनिश कसा येणार ते पॅड आणि दाब ठरवतात, त्यामुळे एकच बाटली आणि तीन पॅड असंही काम भागू शकतं.

आणि थेंब. नवीन पॅड असेल तर पहिल्यांदा बोटाने सगळ्या पृष्ठभागावर पातळ हात फिरवून कंपाउंड चोळायचं, म्हणजे सगळं पॅड पहिल्या सेकंदापासून काम करतं, कोरडे तंतू पेंटवर घासत नाहीत. त्यानंतर प्रत्येक चौकोनाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, बास. जास्त घेतलं की पॅड पेंटवर तरंगतं, घसरतं, कापत नाही, आणि फोमची भोकं भरून जातात. कमी घेतलं की कोरडं पडून धूळ उडते. फोम ओपन सेल (उघड्या भोकांचा) असेल तर द्रव पितो, म्हणून पहिल्या चौकोनाला एखादा थेंब जास्त चालतो.

आता ती चूक. मायक्रोफायबर पॅड मला इतकं आवडलं की बॉनेट झाल्यावर त्याच एका पॅडने दोन्ही फेंडर आणि ड्रायव्हर साइडचं दार घेतलं. मध्ये जेवायला गेलो, तासाभराने आलो आणि पॅड तसंच परत लावलं. पहिल्याच पासला मशीनचा आवाज बदलला, जरा किरकिर, पण मी दुर्लक्ष केलं. पुसलं तर दारावर माझ्याच हाताने पाडलेले नवे चरे, स्वल्पविरामासारखे आखूड, वळलेले, शेकडो. पॅड उलटं करून उजेडात धरलं तेव्हा कळलं. गोंडे एकमेकांना चिकटून टोकं कडक झाली होती, नखाने खरवडलं तर पांढऱ्या-करड्या पापुद्र्यासारखं निघत होतं, वाळलेलं कंपाउंड आणि त्यात घासून निघालेला क्लिअर कोट. म्हणजे मी पॅडने नाही, जवळजवळ पाणीपेपरनेच घासत होतो. त्या दारावर परत कटिंग करावं लागलं, म्हणजे विनाकारण आणखी थर गेला, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

तेव्हापासून नियम असा, प्रत्येक चौकोनानंतर मायक्रोफायबर आणि लोकर ब्रशने झाडायची, कॉम्प्रेसर असेल तर हवेने उडवायची, सगळ्यात उत्तम. फोम कोरड्या टॉवेलवर दाबून मशीन हळू फिरवायचं, टॉवेल जादाचं सगळं ओढून घेतो. दोन-तीन चौकोनांनी पॅड बदलायचं, काढलेलं थंड होऊ द्यायचं. एका पूर्ण गाडीला कटिंगची निदान चार आणि फिनिशिंगची दोन-तीन पॅड हवीतच, हे कुणी सुरुवातीला सांगत नाही. एक बाटली कमी घ्या पण पॅड जास्त घ्या. आणि काम संपल्या संपल्या कोमट पाण्यात साबण घालून धुवा, एकदा रात्रभर वाळलं की मायक्रोफायबर पहिल्यासारखं होत नाही, मी ब्रशने घासून घासून दमलो.

पॅडची जाडी आणि फिरणं याकडेही बघा. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक काळी रेघ मारून ठेवा. सपाट बॉनेटवर रेघ फिरताना दिसते, पण दाराच्या खोलगट भागात किंवा हँडलजवळ ती थांबते, पॅड नुसतं थरथरत राहतं. थांबलं की कटिंग जवळपास शून्य. मी बरेच महिने दाराच्या खालच्या वळणावर "इथला पेंट कडक दिसतोय" असं समजत होतो, पॅड फिरतच नव्हतं तिथे. जाड मऊ पॅड मशीनची हालचाल स्वतःच पिऊन टाकतं, पातळ पॅड ती पेंटपर्यंत पोचवतं. अशा जागी तीन इंची छोटं पॅड लावलं आणि दाब कमी केला की रेघ पुन्हा फिरायला लागते आणि चरे निघायला लागतात.

टिकाऊपणात मध्यम फोमची तक्रार आहे. एका पॅडचा वेल्क्रो मधोमध सुटला, तिसऱ्याच गाडीला. उष्णता सगळ्यात जास्त पॅडच्या मध्यभागी साठते आणि डिंक तिथेच वितळतो, त्यात मी एकच पॅड सलग चालवत होतो, त्यामुळे सगळा दोष पॅडला देता येणार नाही. पण त्याच गाड्यांवर मधे भोक असलेलं दुसरं फोम पॅड मस्त टिकलं. घेताना मधे भोक असलेलंच बघा. बंपरवर तर जास्तच जपा, प्लास्टिक पत्र्यासारखी उष्णता पसरवून टाकत नाही, ती तिथेच साठते. मी दोन पास झाले की तळहात ठेवून बघतो, चटका बसला तर थांबायचं.

नंतर भावाच्या गाडीवर हीच सगळी विद्या लावायला गेलो आणि तोंडघशी पडलो. त्याचीही काळीच, पण दुसऱ्या कंपनीची. मायक्रोफायबर आणि हेवी कट, चार पासमध्ये सगळे चरे साफ, मी खूश, आणि मग मऊ फोमवर फिनिशिंग पॉलिश मारलं तर धुकं जाईना. दोनदा मारलं, तीनदा मारलं, टॉर्चखाली तेच धुरकट. भाऊ मागे उभा राहून म्हणाला, "दादा, आधीच बरी होती रे." क्लिअर कोट मऊ असला की असं होतं, चरे चटकन निघतात आणि तितक्याच चटकन पडतातही, पॅडचेच पडतात. माझ्या गाडीचा कोट कडक होता म्हणून तिथे मायक्रोफायबर शोभलं. शेवटी जमलं ते असं, अगदी स्वच्छ कोरं मऊ पॅड, पॉलिश नेहमीपेक्षा किंचित जास्त, स्पीड कमी, आणि शेवटचे दोन पास तर फक्त मशीनच्या वजनाने, वरून दाब नाहीच. धुकं विरघळल्यासारखं गेलं. पुढच्या पॅनेलला मग मायक्रोफायबर हातातच घेतलं नाही, मध्यम फोमवर फिनिशिंग पॉलिश, एकाच टप्प्यात गाडी झाली.

म्हणून कुणी विचारलं की कुठलं कॉम्बिनेशन घेऊ तर माझ्याकडे उत्तर नाही, पद्धत आहे. सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात करायची, मऊ-मध्यम पॅड आणि पॉलिश, एका चौकोनावर. नाही निघाले तर आधी पॅड एक पायरी कडक करायचं, बाटली तीच. तरीही नाही तर मग बाटली बदलायची. आधी पॅड का, तर पॅड बदलायला दहा सेकंद लागतात, आणि एक पायरी कडक पॅडने कट किती वाढतो ते लगेच दिसतं. बाटली बदलली की पॅडमधलं जुनं कंपाउंड नव्यात मिसळतं आणि कशाने काय झालं तेच कळत नाही. प्रत्येक बाटलीचं पॅड वेगळंच ठेवायचं, पॅडच्या मागे मार्करने लिहून.

तपासणीचं राहिलं. कंपाउंड पुसल्यावर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. त्यातली तेलं बारीक चऱ्यांत बसतात आणि चरे गेल्यासारखे दाखवतात, माझ्या त्या जुन्या रबिंगची कथा हीच. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून किंवा तयार पॅनेल वाइप मिळतं ते स्प्रे करून स्वच्छ मायक्रोफायबरने हलकेच पुसायचं आणि मग टॉर्च मारायचा. पहिल्या दिवशी माझा तिसरा चौकोन पुसायच्या आधी परिपूर्ण होता, वाइपनंतर सात-आठ चरे परत दिसायला लागले. वर जे निकाल लिहिलेत ते सगळे वाइपनंतरचेच आहेत. उन्हातही एकदा बघाच, टॉर्चला जे होलोग्राम चुकतात ते उन्हात सापडतात.

माझ्या बॉनेटचा शेवट असा झाला की मायक्रोफायबर आणि हेवी कटने कटिंग, मग मऊ काळ्या फोमवर फिनिशिंग पॉलिश चार पास. आता तो चौथ्या चौकोनातला मऊ फोम, ज्याने काहीच कापलं नव्हतं, त्याने दुसऱ्या चौकोनातली घासल्यासारखी झाक अशी पुसून टाकली की टेप काढल्यावर चौकोन कुठे होते ते मलाच सापडेना. काळा रंग ओला दिसतो. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कडेपर्यंत सरळ, धारदार. लोकरीचं पॅड मी आता पाणीपेपर मारलेल्या जागेपुरतं ठेवलंय, परत घेईन असं नाही. मायक्रोफायबर परत घेईन, पण कडक पेंटच्या गाडीसाठीच. मध्यम फोम नक्की परत घेईन, वेल्क्रोची तक्रार असूनही, कारण दहातल्या सात गाड्यांना तेवढं एकच पॅड पुरेल असं वाटतं. बाटल्या दोन्ही चांगल्या आहेत, संपल्या की त्याच आणेन, पण त्यांच्याऐवजी दुसऱ्या आणल्या तरी माझं काही अडणार नाही.

डाव्या हेडलाइटच्या वरच्या कोपऱ्यात दोन खोल चरे आहेत, नखाला लागणारे. तिथे मीटर ८८ मायक्रॉन दाखवतो आणि कडेला पॅडची धार सगळा दाब एका रेघेवर टाकते. मी तिथे टेप लावली, पॅड वळवलं, आणि ते दोन चरे तसेच ठेवले.